दुसऱ्यांच्या वाट्याची हवा

माझा मामा कुठल्याही खोलीत शिरला की आधी नाक वर करायचा. मग खिशातून पातळ कागदाची पट्टी काढून भिंतीवरच्या हवेच्या जाळीजवळ धरायचा. पट्टी जाळीला चिकटली तर "चालू आहे" म्हणत निवांत बसायचा. नुसतीच लोंबत राहिली तर त्या घरातला चहासुद्धा घाईघाईनं संपवून निघायचा. माझ्या लग्नात पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि हा मागच्या भिंतीशी स्टुलावर चढून जाळीतली धूळ काढत होता. मामी म्हणाली, "अहो, आज तरी खाली उतरा." तर म्हणतो कसा, "दीडशे माणसं कोंबलीयत इथं. नवरीला चक्कर आली तर लोक म्हणतील, नवऱ्याचं तोंड बघून आली."

मामा पत्र्याचं काम करायचा. मोठ्या इमारतींच्या छतातून हवेचे चौकोनी नळ फिरवलेले असतात, ते बनवायचे आणि बसवायचे. इस्पितळं, शाळा, सिनेमागृहं, एक पोहण्याचा तलाव. चौतीस वर्षं हेच केलं. पत्रा कापला की त्याची कड ब्लेडसारखी होते. बाकीचे कारागीर ती एकदा दुमडून सोडून द्यायचे. मामा दोनदा दुमडायचा आणि वरून अंगठा फिरवून बघायचा. "उद्या साफ करणाऱ्या बाईनं आत हात घातला तर?" एवढंच त्याचं म्हणणं. त्या बाईला तो कधी भेटणार नव्हता, पण तिची काळजी मात्र रोज करायचा.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली आणि मी मामाकडे राहायला आले. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. मामी कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. त्यांना एकच मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षीच दाराच्या चौकटीला डोकं टेकायला लागलं म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. मी शाळेतून रडत आले की हा काही न विचारता स्वतःच्या बशीतलं अर्धं बिस्किट माझ्या बशीत ठेवायचा. पुढे जे घडलं ते सांगताना हे सांगायचं राहू नये, म्हणून आधीच सांगते.

लंबू चार वर्षं मामाच्या हाताखाली शिकला. हात चांगला होता त्याचा. मामा तोंडावर कधी कौतुक करायचा नाही, पण मामीला सांगायचा, "माझ्यापेक्षा सरळ कापतो गं." मग पार्सलांच्या एका मोठ्या गोदामात जास्त पगार मिळाला आणि लंबू तिकडे गेला. सहा वर्षं राबला. एका सकाळी गोदामातल्या तीनशे माणसांच्या फोनवर एकच संदेश आला, की आता सामान यंत्रं उचलतील, तुमच्या सेवेबद्दल आभार. लंबूनं तो संदेश मला दाखवला. खाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र होतं.

त्यानंतर तो घरात बसला आणि फोन हातातून सुटेना. तिथंच त्याला तो पुढारी भेटला.

हा पुढारी आधी विमा विकायचा. आता तो राजकारणात होता आणि भाषणात एकच गोष्ट शंभर तऱ्हांनी सांगायचा. आपण शेवटची पिढी आहोत. ही शेवटची निवडणूक आहे. बाहेरून आलेले लोक दारापर्यंत पोचलेत, अजून थोडी वर्षं आणि मग आपलं नाव घ्यायलाही कुणी उरणार नाही. सगळं कोसळणार आहे, आणि कोसळेल तेव्हा जे उभे राहतील तेच उद्याचे मालक. त्याच्यामागे चालणाऱ्या पोरांनी स्वतःला 'रखवाले' असं नाव दिलं होतं. दर रविवारी ते शहराबाहेरच्या झाडीत जमायचे, काठ्या फिरवायचे, सूप प्यायचे.

पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरगा अंथरुणातून उठायला लागला होता, दाढी करायला लागला होता. मग घरात पाण्याची पिंपं आली. डबाबंद अन्नाची खोकी आली. मामी म्हणाली, "लंबू, हे सगळं इथं ठेवलं तर माणसांनी झोपायचं कुठं?"

"आई, दोनच वर्षं. मग तूच म्हणशील, बरं झालं ठेवलंस."

"दोन वर्षांनी काय होणार आहे?"

"सगळं संपणार आहे."

मामी हातातल्या पँटची शिवण उसवत होती. म्हणाली, "मग ही आज पूर्ण करून देते. गिऱ्हाईक उद्या येणार आहे."

आम्ही हसलो. लंबू हसला नाही.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती, तिच्याशी त्याचं जमलेलं होतं. शांत, थोडी बुटकी. दोघं शेजारी उभे राहिले की मामी तोंडाला पदर लावून हसायची. त्या वर्षी लंबूनं तिला सांगून टाकलं, की या जगात मूल आणणं पाप आहे, तेव्हा लग्नाचा विचार सोड. ती माझ्याकडे आली. रडली नाही. "तो माझ्याकडे बघतो ना ताई, तेव्हा मी आधीच मेलेली असल्यासारखं बघतो," असं म्हणाली आणि गेली. वर्षभरात तिनं दुसऱ्याशी लग्न केलं.

त्याच सुमाराला मामाची कंपनी बंद पडली आणि त्याला डोंगरावरचं काम मिळालं. कामाबद्दल बाहेर एक अक्षर बोलणार नाही, अशा कागदावर सही घेतली होती. तरी मामा मला सांगायचाच. वर काचेचं सुंदर घर आणि घराखाली जमिनीत तीन मजले. मालकाला सगळे साहेब म्हणायचे. बेचाळीस वर्षांचा. माणसाला पुढं काय हवंसं वाटेल ते त्याच्याआधी ओळखणारा काहीतरी प्रोग्राम त्यानं बनवला होता आणि त्यातून अफाट कमाई केली होती. अनवाणी चालायचा, गरम पाणी प्यायचा, प्रत्येक कामगाराला नावानं हाक मारायचा. दुपारी मामाशेजारी पायरीवर बसून डबा खायचा.

"माणूस वाईट नाही," मामा म्हणाला. "पण त्याला भविष्याचा आजार झालाय."

साहेबाकडे शेवटाचा हिशेब तयार होता. साथीचा रोग येण्याची शक्यता शंभरात इतकी, दंगे होण्याची इतकी, माणसापेक्षा हुशार यंत्र हाताबाहेर जाण्याची इतकी. सगळं मिळून अकरा वर्षं, फार तर पंधरा. हे तो हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगायचा. जे वाचतील ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील आणि या वेळी नीट करतील, असं त्याचं म्हणणं.

"मामा, तुम्हाला भीती नाही वाटत?" साहेबानं एकदा विचारलं. तोही त्याला मामाच म्हणायचा.

"कशाची, साहेब?"

"शेवटाची."

"मला सध्या मोतीबिंदूची वाटते."

साहेब खूप हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेऊन दिली. असा माणूस होता तो. म्हणूनच पुढची गोष्ट मामाला लवकर उमगली नाही.

खाली छत्तीस माणसांची सोय होती. घरचे सहा, पाहुणे आठ, आणि स्वयंपाकी, पहारेकरी, डॉक्टर, मिस्त्री असे सेवेचे बावीस. सेवेच्या लोकांची बाजू वेगळी होती, मध्ये जाड दार. साहेबानं मामाला बोलावून सांगितलं की त्या बाजूला जाणाऱ्या हवेच्या नळात एक झडप हवी, आणि तिचा दांडा साहेबाच्या स्वतःच्या खोलीत हवा.

"उघडायला?"

"बंद करायला."

मामाला वाटलं आगीसाठी असेल. आग लागली की हवा तोडतात, तशा झडपा त्यानं शेकड्यानं बसवल्या होत्या. "मग दोन्हीकडे बसवू," तो म्हणाला. "आग काय तुमच्या बाजूलाही लागेल."

"आगीसाठी नाही." साहेब घोटभर पाणी प्यायला. "बाहेर काहीच उरलेलं नसेल तेव्हा पहारेकऱ्यांनी माझं का ऐकावं? पैशाला किंमत नसेल. त्यांच्याकडे बंदुका असतील. माझ्याकडे काहीतरी असायला हवं ना? मी ते वापरणार नाही मामा. नुसतं असायला हवं."

मामानं ती झडप बनवली. हे तो स्वतः कधी लपवायचा नाही. तीन दिवस लागले. पातं नीट बसतं का, फट राहते का, धूर सोडून पाहिलं. फट राहिली नव्हती. घरी येऊन जेवला नाही. मी म्हटलं, "सोडून दे मामा ते काम." तो म्हणाला, "मी सोडलं तर दुसरा कुणी बसवेल." मग स्वतःच म्हणाला, "असं प्रत्येक जण म्हणत असेल, नाही का गं?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला.

पुढच्याच आठवड्यात डोंगरावर पाहुणा आला. मामा छताच्या पोकळीत आडवा पडून जोड बसवत होता. खाली साहेब कुणाला तरी खोल्या दाखवत होता. ही तुमची खोली, हे तुमच्या मिसेसचं कपाट, ही मुलांची शाळा. मामानं जाळीतून खाली बघितलं. तो पुढारी होता. भाषणात शिरा ताणणारा तो माणूस गादी दाबून बघत होता, आणि "जरा मऊ आहे, माझी पाठ दुखते" असं सांगत होता. पुढारी त्याच्या भाषणांसाठी, फोनवरच्या प्रचारासाठी साहेबाचेच पैसे आणि साहेबाचाच प्रोग्राम वापरतो, हेही त्या बोलण्यात निघालं.

मामा त्या दिवशी लवकर घरी आला. मी तिथंच होते. त्यानं कागदावरची सही-बिही सगळी बाजूला ठेवली आणि लंबूला समोर बसवून सांगितलं. "तुला म्हणतो शेवटपर्यंत उभा राहा. स्वतः जमिनीखाली बिछाना राखून आलाय. पाठ दुखते म्हणून गादी बदलून मागत होता रे. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मला वाटलं, आता पोरगा भानावर येईल. लंबूनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्यही नव्हतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"ते वाचायलाच हवेत. नंतर सगळं पुन्हा उभं कोण करणार? मी? माझ्यासारखे लाख आहेत, बाबा."

मामा त्याच्याकडे बघतच राहिला. मग उठून त्यानं खिडकी उघडली. बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी बराच वेळ ती उघडीच होती.

शहराच्या टोकाला साबणाच्या बंद कारखान्याचं जुनं वसतिगृह होतं. बाहेरून कामाला आलेली आठ-दहा कुटुंबं तिथं राहायची. इस्पितळात फरशी पुसणारे, भाजीच्या बाजारात माल उतरवणारे. मी इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, त्यांतल्या बऱ्याच जणांना मी चेहऱ्यानं ओळखायचे. निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी दुपारी रखवाल्यांच्या फोनवर संदेश फिरला की वसतिगृहातले लोक मतपेट्या जाळायला निघणार आहेत, हाच तो दिवस, मोजणी संपेपर्यंत त्यांना बाहेर पडू देऊ नका. बारा जण गेले. लंबू त्यांत होता.

त्यांनी पुढच्या दाराला साखळी घातली, मागच्या दाराला लाकडं ठोकली, विजेची तार तोडली. दगडांनी वरच्या खिडक्या फुटल्या तशी माणसं पोराबाळांना घेऊन तळघरातल्या मोठ्या खोलीत उतरली. त्या खोलीला खिडकी नव्हती. जमिनीलगत हवेच्या दोन जाळ्या आणि पंख्याचं एक भोक, एवढंच. जाळ्यांतून आतली माणसं फोन धरून बाहेरचं चित्रण करत होती. म्हाताऱ्या बायका ओरडत होत्या. रखवाल्यांतला एक म्हणाला, हे बुजवा. लंबूच्या गाडीत मामाकडे शिकतानाचं सामान पडलेलं होतं, पत्रा, कात्री, स्क्रू, फटी बुजवायची लांबी. त्यानं बुजवलं.

संध्याकाळी सात वाजता मोजणी संपली. पुढाऱ्याचा पक्ष जिंकला. पोरांनी साखळी काढली, फटाके उडवले आणि घरी गेली. पत्रे काढायचे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आतली माणसं फटाक्यांचे आवाज ऐकून आणखी घाबरली आणि तळघरातच राहिली. थंडी होती, वीज नव्हती, म्हणून त्यांनी कोळशाची शेगडी पेटवली.

सकाळी नोंदणीच्या खिडकीत मीच होते. सव्वीस जणांना आणलं. तेवीस वाचले. तिघं नाही वाचले. आमच्याच इस्पितळात फरशी पुसणारा एक माणूस, एक म्हातारी, आणि सहा वर्षांची एक मुलगी. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे होते. नावं मी लिहिली. मुलीचं नाव लिहिताना तिच्या आईनं माझं अक्षर दुरुस्त केलं. रडत नव्हती ती. "वेलांटी दुसरी," म्हणाली.

बातमी ऐकून मामा वसतिगृहाकडे गेला. का गेला, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. हवेनं माणसं गेली म्हटल्यावर पाय तिकडे वळले असतील. पोलिसांनी पत्रे उचकटून भिंतीशी उभे केले होते. आपण हवेचं काम करतो, काही कळलं तर सांगतो, असं म्हणून तो पुढे झाला आणि वाकला. पत्र्याच्या चारही कडा दोनदा आत दुमडलेल्या होत्या. वर लांबीचा लेप, बोटानं सारखा केलेला. घाईत, थंडीत, दंग्यात केलेलं काम, पण कुणाच्या हाताला लागेल अशी एक कड पोरानं सोडली नव्हती.

मामा घरी आला तेव्हा मामी आणि मी स्वयंपाकघरात होतो. लंबू पलंगावर बसला होता, बूट घातलेलेच.

मामा म्हणाला, "तू केलंस."

"दोन तासांचं काम म्हणाले होते, बाबा. नंतर काढणारच होतो."

"बाकीच्या अकरा जणांना ठाऊक नसेल. तुला ठाऊक होतं. तळघराची हवा बुजवली की काय होतं, ते मी तुला शिकवलंय. याच हातांनी शिकवलंय."

"त्यांनी शेगडी पेटवली. आम्ही सांगितलं होतं का पेटवा म्हणून?"

"ती सहा वर्षांची होती, लंबू," मी म्हटलं.

लंबू एकदम ओरडला, "मला तेव्हा माणसं दिसतच नव्हती! तुम्हाला कळत नाही. ते म्हणत होते आजच आहे, आजच सगळं संपणार. त्यानंतर काही असणारच नव्हतं. पत्रे कोण काढणार, हा विचारच नव्हता. उद्या असणार हेच डोक्यात नव्हतं." आणि मग लहानपणी शाळेत मार खाऊन आल्यावर रडायचा तसा रडायला लागला, तोंड उघडं टाकून.

मामानं खुंटीवरून लंबूचा कोट काढला. मग म्हणाला, "कोट घाल. आपण दोघं जाऊ."

लंबूनं नकारार्थी मान हलवली. मामी मध्ये येऊन उभी राहिली. "अहो, एकुलता एक आहे. तिघं गेले ते परत येणार आहेत का? तुमच्या पाया पडते मी." ती खरंच खाली बसली. मामानं तिला उठवायचा प्रयत्न केला, तिनं त्याचा हात झिडकारला. मग मामा एकटाच जिना उतरला. पोलीस ठाणं दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. त्याला पाऊण तास लागला, असं ठाण्यातल्या हवालदारानं मला नंतर सांगितलं. समोरच्या बाकावर बसून होता म्हणे.

त्या दिवसापासून मामी त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, कपडे धुवायची, शर्टाला बटण लावून द्यायची. तोंडातून शब्द नाही.

आठवड्यानं मामा डोंगरावर गेला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सेवेच्या लोकांना खाली नेलं. स्वयंपाकीण, दोन मिस्त्री, पाच-सहा पहारेकरी. झडप दाखवली. "हा नळ तुमच्या खोल्यांना जातो. याचा दांडा साहेबांच्या पलंगाशेजारी आहे. फिरवला की तुमची हवा बंद. चार-पाच तास पुरेल आतली, मग डोकं जड होईल, झोप येईल. मी बनवलीय. फट ठेवलेली नाही." स्वयंपाकीण हसली, तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू विरलं.

साहेबानं त्याला वर बोलावलं. रागावला नव्हता, दुखावला होता. "मामा, मी तुम्हाला घरचं समजत होतो. मी ते कधीच वापरलं नसतं."

"आज नसतं वापरलं, साहेब. आज तुम्ही बरे आहात. ज्या दिवशी वाटेल की आता सगळं संपलं, त्या दिवसाचं सांगा."

"तुमच्या मुलाचं ऐकलं मी. फार वाईट झालं. पण ती अडाणी गर्दी होती. इथं सगळं विचार करून केलेलं आहे."

"हो," मामा म्हणाला. "तेवढाच फरक आहे. त्या पुढाऱ्याच्या भाषणाचा खर्च तुम्ही केलात आणि पत्रा माझ्या पोरानं ठोकला."

साहेब उठला. त्यानं दार उघडून धरलं, अगदी अदबीनं. कामावरून काढल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, वकिलाची नोटीसही आली. स्वयंपाकीण आणि दोघं पहारेकरी नोकरी सोडून गेले. बाकीचे राहिले, पगार चांगला होता. झडपही राहिली.

लंबूला नऊ वर्षांची शिक्षा झाली. बाकीच्यांना दोन-तीन वर्षं, काही सुटले. खटला चालू असताना पुढाऱ्याला पत्रकारांनी विचारलं, तर तो म्हणाला, हा मुलगा आमचा कधी नव्हताच, आम्ही याला ओळखत नाही. लंबू तेव्हा न्यायालयाच्या पायऱ्यांवर होता. कुणीतरी फोन पुढे करून त्याला ते दाखवलं. त्यानं दोनदा बघितलं आणि फोन परत दिला. पुढारी आता मंत्री आहे. भाषणात अजून शेवटच्या पिढीबद्दलच बोलतो. फक्त वर्ष पुढे गेलंय.

मामा एकदा त्या मुलीच्या आईकडे गेला होता. हातात पिशवी घेऊन, तळघराच्या जाळ्या नव्या करून देतो म्हणाला. ती दारातच उभी राहिली. "तुम्ही पोलिसांत गेलात ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचे उपकार आहेत. पण पुन्हा येऊ नका. तुम्ही दिसलात की मला तो दिसतो." मामा परत फिरला. पिशवी बसमध्ये विसरून आला. त्याची सगळी हत्यारं होती तीत. शोधायला गेला नाही.

पहिली दोन वर्षं लंबूनं बापाला भेटायला नकार दिला. मामी जायची, मी जायचे. मामा फाटकाबाहेरच्या टपरीवर थांबून आमची वाट बघायचा. तिसऱ्या वर्षी एकदा लंबू मामीला म्हणाला, "बाबांना आत पाठव." मी मामाला घेऊन गेले. मधे जाड काच, बोलायला फोन. लंबू वाळला होता, कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तिसाव्या वर्षी घरातून गेलेला पोरगा पन्नाशीचा दिसत होता. दोघांनी फोन उचलले.

लंबूनं विचारलं, "बाबा, त्या मुलीचं नाव काय होतं? खटल्यात घेत होते, पण मी तेव्हा ऐकतच नव्हतो."

मामानं सांगितलं. लंबूनं ते हळूच म्हणून बघितलं, मग पुन्हा एकदा म्हटलं. वेळ संपल्याची घंटा झाली तरी तो फोन कानाला लावून बसला होता, आणि मामाही.

घरी आल्यावर मामीनं दार उघडलं. "काय म्हणाला?" असं तिनं मामाला विचारलं. तीन वर्षांनी पहिल्यांदाच त्याला काही विचारत होती.

"जेवण बरं असतं म्हणाला," मामा म्हणाला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मामा गेला. झोपेत, सकाळच्या वेळी. लंबूला चार तासांची सुट्टी मिळाली. दोन पोलिसांच्या मधे उभा राहून त्यानं बापाच्या कपाळाला हात लावला. मामी त्याच्याजवळ गेली आणि मिठी न मारता त्याच्या शर्टाची वर गेलेली कॉलर सारखी करायला लागली. पोलिसांनी घड्याळ दाखवेपर्यंत ती कॉलरच सारखी करत होती.